खोडलेल्या मेसेजची वही

सकाळचे साडेसहा वाजले असतील. फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत पाणी सोडलं होतं, तेवढ्यात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. रामराम नाही, काही नाही. "भाऊ, तीन दिवसांपूर्वी मी ग्रुपवर करपलेल्या पानांचा फोटो टाकला होता. तो कोणी खाल्ला?"

बघतो म्हटलं. टाकी भरून वाहायला लागली तरी मी मोबाइलच बघत उभा. फोटो नव्हता. त्याखाली लोकांनी विचारलेलं मात्र तसंच होतं: "कोणती कंपनी?", "माझ्याकडेही असंच झालंय", "बाटलीचा फोटो टाका". मूळ मेसेज गायब, आणि ही उत्तरं मांडव काढून नेल्यावर उरलेल्या खांबांसारखी उभी.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२२ ची. ग्रुप द्राक्ष बागायतदारांचा आणि सुरू केलेला मी. माझी बाग दिंडोरी तालुक्यात, पावणेचार एकर. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' या दोन चक्रीवादळांच्या काळात जो अवकाळी पाऊस लागला, त्यात नाशिक जिल्ह्यातल्या बागांचं काय झालं ते इथल्या कोणाला सांगावं लागत नाही. फुलोऱ्यातले घड कुजत होते, डाऊनी ही बुरशी पानावरून घडावर उतरली होती, आणि रोज उजाडलं की एकच प्रश्न, आज काय मारू? तेव्हा दहा-बारा जणांनी व्हॉट्सअॅप ग्रुप केला. त्या वेळी एका ग्रुपात २५६ माणसंच बसायची. महिन्याभरात भरला. मग दुसरा, मग तिसरा. तोच प्रश्न तीन ठिकाणी, उत्तरं तीन तऱ्हेची, आणि नव्या माणसाला जुनं काही दिसत नाही म्हणून पुढच्या छाटणीला पुन्हा पहिल्यापासून. शेवटी २०२१ मध्ये सगळे टेलिग्रामवर गेलो. तिथं एका ग्रुपात दोन लाखांपर्यंत माणसं मावतात आणि नव्याला मागचं शोधून वाचता येतं.

जाताना एक गोष्ट ध्यानात आली नाही. तेव्हा व्हॉट्सअॅपवर अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज खोडताच येत नव्हता, फार तर माणूस काढता यायचा. पुढे २०२२ मध्ये त्यांनी ती सोय दिली, पण कोणत्या अॅडमिनने मेसेज खोडला याची खूण मागे ठेवली. टेलिग्रामवर तसं नाही. मेसेज गेला की जागाही बुजते. इथं काही होतं हेच कळत नाही. अॅडमिन लोकांना 'रीसेंट अॅक्शन्स' म्हणून एक यादी दिसते, त्यात कोणी काय खोडलं ते मजकुरासकट असतं, पण फक्त ४८ तास. सकाळचा तो फोन चौथ्या दिवशी आला होता.

तेव्हा आम्ही सहा अॅडमिन होतो. निवडलेले म्हणावं तर निवडलं कोणीच नव्हतं. एक माझा मावसभाऊ, एक कॉलेजातला दोस्त, दोघं 'चांगले वाटतात' म्हणून, एक जण स्वतःच म्हणाला म्हणून, आणि मी. मी सगळ्यांना विचारलं. कोणीच कबूल होईना. त्या दिवशी ग्रुपवर जे सुरू झालं ते पंधरा दिवस चाललं. "अॅडमिन कंपन्यांचे दलाल आहेत" इथपासून "ग्रुप विकलाय" इथपर्यंत. माझ्या बायकोला तिच्या माहेरच्या माणसाने लग्नात विचारलं, किती मिळाले? तिने मला घरी येऊन तेच विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं.

पुढच्या आठवड्यात त्या सहांपैकी एकाने बोलावून घेतलं. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, त्याला सगळे आण्णा म्हणतात. दुकान बंद करता करता म्हणाला, "मी खोडला. कंपनीचा माणूस सकाळपासून फोनवर बसला होता. आणि त्या गड्याने आदल्या दिवशी भर उन्हात गंधक मारलंय, ते तो लिहीत नाही. चटक्याने पानं करपली, आणि नाव माझ्या मालाचं घेतो!"

आता यातली गंमत अशी, की आण्णाचं म्हणणं खरं असू शकतं. उन्हाचा ताव असताना गंधक मारलं तर पानं करपतात, हे नवा शेतकरीसुद्धा एकदा हात पोळून शिकतो. मग हेच त्या फोटोखाली लिहायचं ना! 'आदल्या दिवशी काय मारलं होतं?' एवढं विचारलं असतं तरी शंभर जणांना शिकायला मिळालं असतं. आण्णाला विचारलं तर तो म्हणाला, "लिहिलं असतं तर म्हणाले असते, दुकानदार आपल्या मालाची बाजू घेतो." तेही खरंच. दुकानदार म्हणून बोलायची चोरी, म्हणून अॅडमिन होऊन खोडलं. आम्ही त्याला दोन्ही टोप्या दिल्या होत्या आणि कोणती कधी घालायची ते सांगितलं नव्हतं.

आण्णाने अॅडमिनपद सोडलं. काय घडलं ते मी ग्रुपवर लिहिलं. वाटलं मिटलं. मिटलं नाही, कारण लोकांचा प्रश्न एका फोटोचा राहिलाच नव्हता. असे किती खोडले असतील, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

माल निघाल्यावर, एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर, २०२३ च्या मे महिन्यात गंगापूर रोडला मिसळीच्या एका मळ्यात आम्ही चाळीसेक जण बसलो. ज्याचं बिल त्याने द्यायचं हे आधीच ठरवलं होतं, नाहीतर पहिला संशय मिसळीपासून. दोन तट पडले. एक म्हणे, तूच नीट माणसं नेम, निवडणूक नको. आपल्याकडे सोसायटीची निवडणूक लागली की घरात दोन पॅनल होतात, इथंही तेच होणार. दुसरा तट म्हणे, मतदान घ्या, नाहीतर नातेवाईकच येणार. मग एक वयस्कर नाना होते, दोनदा सरपंच राहिलेले. त्यांनी तिसरंच काढलं: "बिनविरोध करा." आमच्या भागात हा शब्द उच्चारला की सगळ्यांना हायसं वाटतं. चार जाणते बसतात, नावं ठरतात, भांडण टळतं. पण बिनविरोध आलेल्या माणसाला कोण कशाला विचारणार? त्याला कोणी आणलेलंच नसतं.

माझा भाचा पुण्यात असतो, त्या दिवशी सुट्टीवर आला होता. तो मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहितो. तिथं अॅडमिनला प्रचालक म्हणतात. तो म्हणाला, "मामा, तिथं प्रचालकाने पान वगळलं की कोणी, कधी आणि का, याची नोंद कायम राहते आणि कोणीही बघू शकतं. तुम्ही कोण निवडायचं यावर तीन तास भांडताय. निवडल्यावर त्याने काय केलं ते कुठं दिसणार, ते सांगा ना."

सगळे गप्प झाले. मग नानाच म्हणाले, "म्हणजे प्रोसिडिंग." ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंदवही, ज्याने पाहिलंय त्याला पुढचं समजवावं लागत नाही. वही ठेवायची ठरलं. एक शीट, सगळ्या सदस्यांना उघडी, लिहायचं फक्त अॅडमिनने. तारीख, मेसेज कशाबद्दल होता, का खोडला, कोणी खोडला. लिहिणाऱ्या सदस्याचं नाव घालायचं नाही, अॅडमिनचं घालायचंच. अॅडमिनला ग्रुपच्या नावाने, स्वतःचं नाव झाकून बोलायची सोय टेलिग्रामवर आहे, ती बंद. माणूस कायमचा काढायचा तर दोन अॅडमिन लागतील. आणि स्वतःच्या दुकानाचा, कंपनीचा, भावकीचा विषय असेल तर त्या अॅडमिनने हात लावायचा नाही, 'दुसऱ्याने पाहावं' एवढंच लिहून बाजूला व्हायचं.

निवड कधी करायची यावर अर्धा तास गेला. आम्ही दिंडोरी-निफाडवाले म्हटलं जुलै-ऑगस्ट, तेव्हा निवांत असतो. सटाण्याकडचा एक जण उठला. "तुमचा निवांतपणा म्हणजे आमची घाई." त्यांच्याकडे आगाप छाटणी, आमच्या आधी दोन-तीन महिने. एवढी वर्षं एकत्र राहून हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. जूनचा पहिला पंधरवडा ठरला.

चौदा नावं आली. नावासोबत एक कागद भरून द्यायचा होता: खतं-औषधांचं दुकान आहे का, कुठल्या कंपनीचं काम करता का, द्राक्ष खरेदीत आहात का, कुठल्या पक्षाचं पद आहे का. असेल तर बाद नाही, फक्त सांगायचं. तीन जणांनी तिथंच नाव मागे घेतलं. कागदाने कोणालाही बाद केलं नाही आणि तरी त्याने निम्मं काम केलं. आणखी दोघं भलत्याच भीतीने मागे हटत होते, की लिहिणार दुसरा आणि पोलीस येणार माझ्या दारात. नाशिकच्या कोर्टात वकिली करणारे आमचे एक बागायतदार आहेत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल वाचून दाखवला. सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिलं, तर केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, त्याचा सामायिक इरादा किंवा आधीचा कट दिसला पाहिजे. दोघंही थांबले. अकरा उरले.

यानंतर आम्ही जे केलं, ते मी कोणालाही करायला सांगेन. ग्रुपवरचे जुने दहा मेसेज काढले, नावं पुसली, आणि अकराही जणांना विचारलं: तुम्ही अॅडमिन असता तर याचं काय केलं असतं, आणि का? उत्तरं लेखी. मार्क नाहीत. सगळ्यांची उत्तरं जशीच्या तशी ग्रुपवर.

पहिला मेसेज जीएचा, म्हणजे जिबरेलिक अॅसिड या वाढ संजीवकाचा होता. कोणीतरी लिहिलं होतं, 'पोपटी अवस्थेत १० पीपीएम जीए घ्या, १०० लिटरला १० ग्रॅम.' पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. हिशेब चुकलाय. १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. त्याने सांगितलं ते १०० पीपीएम होतं, दहापट. अकरापैकी आठ जणांनी लिहिलं, ताबडतोब खोडू. मीही तेच लिहिलं असतं. एक ताई होत्या, चांदवडच्या. त्यांचं नाव त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने दिलं होतं, आणि खरं सांगतो, मला वाटलं होतं उत्तरंही मालकच लिहितील. त्यांनी लिहिलं, "खोडणार नाही. मेसेज पहाटे पाचला आलाय. मी सातला बघितला. मधल्या दोन तासांत ज्याने वाचलं त्याने टाकी भरायला घेतली असेल. मी खोडला तर त्याला चूक होती हेच कळणार नाही. त्या मेसेजखालीच मोठ्या अक्षरात बरोबर मात्रा लिहीन, वर पिन करीन, आणि ज्याने लिहिलं त्याला फोन करून त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेईन."

त्या दिवशी ग्रुपवर त्या उत्तराखाली लोकांनी अंगठे दाखवायचे थांबवले नाहीत. चुकीची मात्रा खोडायची नाही, झाकायची नाही, तिच्याखाली बरोबर मात्रा लिहायची, हा आमचा नियम तिथून आला.

दुसरा मेसेज सगळ्यात अवघड. 'हा व्यापारी माझे साडेतीन लाख बुडवून पळाला, सावध राहा,' सोबत त्या माणसाचा फोटो आणि आधार कार्ड. द्राक्षवाल्याच्या घरात या मेसेजला काय वजन असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. परराज्यातला व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, तिसरी-चौथी उधार नेतो आणि फोन बंद. कोणी लिहिलं, ठेवू, लोकांचे पैसे वाचतील. कोणी लिहिलं, खोडू, खोटं निघालं तर? ओझरच्या एका तरुणाने लिहिलं, आधार कार्डाचा फोटो ठेवायचा नाही, माणूस चोर असला तरी. पण मजकूर ठेवीन, आणि टाकणाऱ्याला सौदापावती आणि पोलीस तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायला सांगीन. नाही आली तर खोडीन आणि वहीत तसं लिहीन. मला हे पटलं. सगळ्यांना पटलं असं नाही. आजही यावर वाद होतात.

आणखी एक सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा होता. शेंडा थांबवायला किती घेऊ, असा साधा प्रश्न. २०१० मध्ये याच सीसीसीचे अंश निघाले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती आणि कित्येक घरं बसली. जुन्या लोकांनी 'लगेच खोडा' लिहिलं, पोरांना कळेचना एवढं काय झालं. बाकीचे मेसेज म्हणजे शुभ सकाळ, कांद्याच्या भावावरून एका पुढाऱ्याला हासडलेली शिवी, 'चर्चासत्र, जेवणाची सोय आहे' वगैरे. त्यांवर कोणाचं दुमत नव्हतं.

मतदान गुप्त हवं होतं. व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, आणि आमच्या गावात ते दिसलं की दुसऱ्या दिवशी मळ्याकडे जायचा रस्ता बंद व्हायचा. टेलिग्रामवर निनावी पोल घेता येतो, पोल टाकणाऱ्यालाही मतं कोणाची ते कळत नाही. पण तेव्हा एका पोलमध्ये दहाच पर्याय बसायचे आणि उमेदवार अकरा! मग तालुक्याप्रमाणे वेगवेगळे पोल केले, मत मात्र सगळ्यांनी सगळीकडे द्यायचं. निफाड दोन, दिंडोरी दोन, चांदवड, सटाणा आणि उरलेल्यांतून एकेक. सत्तावीसशे सदस्यांतल्या आठशेच्या वर लोकांनी मत दिलं. चांदवडच्या ताईंना सगळ्यात जास्त. माझा मावसभाऊ पडला. दिवाळीला आला नाही.

यापुढचा भाग कंटाळवाणा आहे, पण खरं काम त्यातच होतं. वही पहिले दोन महिने जवळजवळ कोरी राहिली. खोडायला एक सेकंद लागतो, लिहायला दोन मिनिटं. हातात कात्री, अंगावर औषधाचे कपडे, कोण लिहीत बसणार? सगळे म्हणायचे, रात्री लिहितो. रात्री झोप. आणि ४८ तासांनी यादीच पुसली जाते. मग वार लावले. सात अॅडमिन, सात वार. ज्याचा वार त्याने संध्याकाळी ती यादी उघडायची आणि वहीत नसेल ते उतरवायचं, दुसऱ्याने खोडलेलंही. एकाने चुकवला तरी दुसऱ्या दिवशीचा माणूस ४८ तासांच्या आत पोचतो. ही युक्ती ओझरच्या पोराची, तो पाळीवर पंप चालवणाऱ्या घरातला.

वही भरायला लागल्यावर एक चमत्कारिक गोष्ट झाली. पहिल्या वर्षात खोडलेल्यांत निम्म्याहून जास्त शुभ सकाळ, जाहिराती आणि क्रिकेट निघालं. कंपनीच्या मालाविरुद्धच्या तक्रारी खोडल्याच्या नोंदी? चार. चारही ठिकाणी कारण लिहिलेलं, दोन ठिकाणी ते मला पटलं नाही आणि मी तसं बाजूच्या रकान्यात लिहिलं. लोक वही रोज वाचत नाहीत. कोणी वाचत असेल एवढंच पुरतं.

सगळंच वहीत लिहिता येत नाही, हेही याच वर्षी कळलं. एका बाईंनी चांदवडच्या ताईंना सांगितलं की निवडून आलेल्यांपैकी एक अॅडमिन त्यांना रात्री साडेअकराला 'जेवलात का', 'झोपलात का' असे मेसेज करतो. प्रश्न विचारताना त्यांनी ग्रुपवर स्वतःचा नंबर दिला होता, तिथून घेतलेला. ताईंनी मला फोन केला. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "तो तसा माणूस नाही." त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, तो तुम्हाला रात्री जेवलात का विचारतो का?" ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. बाईंनी मेसेज दाखवले. त्याच संध्याकाळी त्याला काढला. वहीत एक ओळ आहे: 'एक अॅडमिन कमी केला, तक्रार खरी निघाली.' त्या ओळीवर पुष्कळ जणांनी कारण विचारलं. सांगितलं नाही, सांगणारही नाही. काहींना ते झाकपाक वाटलं. वाटू दे. तेव्हापासून नियम आहे, अॅडमिनने कोणत्याही सदस्याला खासगीत काही लिहायचं तर आणखी एक अॅडमिन त्यात हवा.

आणि मग माझी पाळी.

मी उमेदवार नव्हतो, पण ग्रुप मी काढलेला, त्यामुळे मालकी माझ्याकडे. मालकाला कोण काढणार? फेब्रुवारी २०२४, काढणीची घाई. एक जण रोज लिहायचा की या ग्रुपवर भाव पाडून सांगतात, व्यापाऱ्यांशी संधान आहे. नाव घ्यायचा नाही, रोख माझ्यावर. त्या दिवशी माझा माल किलोमागे सहा रुपयांनी कमी गेला होता, डोकं फिरलेलं. रात्री पावणेबाराला मी त्याला काढून टाकला. एकट्याने. दुसरा अॅडमिन नाही, कारण नाही, वहीत ओळ नाही. सकाळी मंगळवारवाल्या अॅडमिनने, म्हणजे ओझरच्या त्या पोराने, वहीत ओळ टाकली होती: 'सदस्य काढला. कारण दिलेलं नाही. काढणारा:' आणि पुढे माझं नाव.

तक्रार आली. तक्रारीसाठी आम्ही ठेवलं होतं ते असं, की अॅडमिन नसलेले, गेल्या सहा महिन्यांत ग्रुपवर लिहिणारे सदस्य घ्यायचे, त्यांच्यातून तिघांच्या चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठ्या चांदवडच्या ताईंच्या मुलीने काढल्या, व्हिडिओ लावून. तिघांपैकी एक सिन्नरचा पोरसवदा, दुसऱ्या सत्तर वर्षांच्या आजी, ज्या मोबाइल नातवाकडून वाचून घेतात, आणि तिसरा तोच, निफाडचा, ज्याचा फोटो आण्णाने खोडला होता. मला वाटलं आता हा वचपा काढणार.

तिघांनी मला फोनवर चाळीस मिनिटं विचारलं. आजी म्हणाल्या, "बाबा, तो खोटं बोलत होता का?" मी म्हटलं, खोटंच. "मग तसं लिहायचं होतं. काढलास म्हणजे लोकांना वाटलं खरंच होतं." निफाडवाला फार बोललाच नाही. त्याने एकच विचारलं, "भाऊ, तुम्ही त्या रात्री वहीत का नाही लिहिलं?" मी सांगितलं, राग आला होता. तो "बरं" म्हणाला.

निकाल चार ओळींचा होता. सदस्याला परत घ्यावं. काढल्याचं कारण मालकाने स्वतः ग्रुपवर लिहावं. मालकाने तीन महिने कोणाला काढू नये, खोडूही नये. आणि मालकी एका माणसाकडे राहू नये, याचा विचार व्हावा.

मी लिहिलं. सहा वेळा लिहून पुसलं, सातव्यांदा टाकलं. 'माझी चूक झाली' हे तीन शब्द सत्तावीसशे लोकांपुढे लिहायला मला दीड तास लागला, आणि त्यातला निम्मा वेळ 'पण' हा शब्द काढण्यात गेला. मालकीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. टेलिग्रामवर मालक एकच असू शकतो. आता ती चांदवडच्या ताईंच्या खात्यावर आहे, आणि अॅडमिनला पायउतार करायचं तर पन्नास सह्या लागतात, तो नियम त्यांनाही लागू आहे. नंतर भाचा म्हणाला की इंग्रजी विकिपीडियावरही २०२४ मध्येच असं काहीतरी आलं, पंचवीस सह्या झाल्या की प्रचालकाला पुन्हा लोकांसमोर जावं लागतं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "सरपंचावर अविश्वास आणायला आमच्याकडे आधीपासूनच सह्या लागतात. त्यांना उशिरा सुचलं."

यंदाच्या जूनमध्ये आण्णाने पुन्हा फॉर्म भरला. कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कृषी सेवा केंद्र आहे. २०२२ मध्ये एक फोटो खोडला होता.' दहा मेसेजांची उत्तरंही दिली. सातांत सातवा आला, पाच मतांनी.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सटाण्याच्या एकाने पानांचा फोटो टाकला, शेजारी बाटली. कडा करपलेल्या. वार आण्णाचा होता. संध्याकाळी वही उघडून बघितली. ओळ होती: 'फोटो, बाटलीसह. माझ्या दुकानातला माल आहे. हात लावलेला नाही, दुसऱ्याने पाहावं.' आणि ग्रुपवर, त्या फोटोखाली, त्याच्याच नावाने एक प्रश्न होता. "दादा, आदल्या दिवशी काय मारलं होतं?"